लाइन वाढवली, तरी नागपूरला फाइल उघडेना

“सर, फाइल उघडूनच नाही राहिली.”

नागपूरच्या शाखेतून सकाळी साडेनऊच्या सुमारास हा फोन ठरलेला असायचा. आमची फर्म इमारतींची स्ट्रक्चरल ड्रॉइंग करते. मुख्य ऑफिस आणि सर्व्हर पुण्यात, शाखा नागपुरात, मधे इंटरनेटवरून व्हीपीएन, म्हणजे दोन ऑफिसांना जोडणारी खासगी, बंद वाट. जे ड्रॉइंग पुण्यात पाच सेकंदांत उघडायचं, त्याला नागपुरात तीन-साडेतीन मिनिटं लागायची. मुलं डबल क्लिक करून खाली टपरीवर जायची, चहा घेऊन वर यायची, तरी स्क्रीनवरचं गोल फिरतच असायचं. शेवटी आम्ही तिथली लाइन २० एमबीपीएसवरून १०० वर नेली. बिल वाढलं. फाइल उघडायला लागणारा वेळ मात्र जवळपास तेवढाच राहिला.

लांबच्या ऑफिसात शेअर्ड फोल्डर रखडतो म्हटलं की ‘लाइन वाढवा’ हा सल्ला सगळेच देतात, मीही दिला होता. ज्यांचा दिवस अशा फोल्डरवर जातो आणि ज्यांना तो सांभाळावा लागतो, त्या दोघांनाही हे दुखणं नीट कळावं म्हणून हे लिहितोय. बहुतेक वेळा प्रश्न लाइन किती मोठी आहे हा नसतो. प्रश्न असतो हेलपाटे किती पडतात हा.

हेलपाट्याचं गणित

तहसील कचेरीत दाखला काढायला गेलेला माणूस आठवा. खिडकीवर सांगतात, रेशनकार्डाची झेरॉक्स आणा. तो गावी जाऊन झेरॉक्स आणतो. मग सांगतात, मूळ कार्ड दाखवा. पुन्हा गाव. मग फोटो, मग स्टॅम्प. सगळे कागद मिळून पाव किलोही भरत नाहीत, पण जाण्या-येण्यात दोन दिवस जातात. त्या गावाचा रस्ता दुपदरीचा सहापदरी केला म्हणून या माणसाचा वेळ वाचत नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या हातात पूर्ण यादी दिली असती तर वाचला असता.

रस्त्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ. एका हेलपाट्याला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. लाइन विकणारा आपल्याला फक्त रुंदी सांगतो.

आता आकडे घेऊ. समजा, एक फाइल उघडताना संगणकाने सर्व्हरला एकामागून एक २,००० प्रश्न विचारले. एकाच इमारतीत प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा मिलिसेकंद धरला, तर काम एका सेकंदात होतं. पुणे-नागपूर व्हीपीएनवर ३० मिलिसेकंद धरले, तर तेच काम ६० सेकंदांचं होतं. शाखा लंडनला असेल आणि हेलपाटा १५० मिलिसेकंदांचा असेल, तर पाच मिनिटं. फाइल तीच, सर्व्हर तोच, संगणकही तेवढाच चांगला.

हा हेलपाटा एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-नागपूर अंतर ७०० किलोमीटर धरलं तर नुसत्या जाण्या-येण्याला ७ मिलिसेकंद लागतातच. प्रत्यक्षात तार सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर असतात, आणि दोन्ही टोकांना व्हीपीएनचं यंत्र प्रत्येक पाकीट, म्हणजे तारेवरून जाणारा डेटाचा तुकडा, गुंडाळतं आणि सोडवतं. म्हणून २५-३० मिलिसेकंद म्हणजे चांगली लाइन म्हणायची.

इतके प्रश्न विचारतं कोण?

विंडोजचा शेअर्ड फोल्डर ज्या भाषेत बोलतो तिचं नाव एसएमबी. तिचा उगम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये, बॅरी फायगेनबॉम यांच्या कामातून झाला. तेव्हा सर्व्हर आणि संगणक एकाच इमारतीत असत. सारखे प्रश्न विचारण्याची किंमत नगण्य होती, त्यामुळे भाषाही तशीच घडली: ही फाइल आहे का? किती मोठी आहे? मला वाचायचा हक्क आहे का? पहिला तुकडा दे. आता दुसरा दे.

२००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली आणि शंभराहून जास्त आज्ञांचा पसारा १९ वर आला. एकाच पाकिटात अनेक प्रश्न घालता येऊ लागले, आणि पहिल्याचं उत्तर येण्याआधी पुढचे पाठवता येऊ लागले. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत फोल्डरमधल्या यादीची प्रत संगणकाला काही काळ स्वतःकडे ठेवता येऊ लागली. म्हणजे पहिला सोपा उपाय असा: दोन्ही टोकांना नवी आवृत्ती चालू आहे का ते बघा. अजूनही काही ऑफिसांत जुना एनएएस (नेटवर्कला जोडलेला फायली साठवायचा डबा) किंवा जुनं स्कॅनिंग मशिन चालावं म्हणून पहिली आवृत्ती सुरू ठेवलेली सापडते. ती बंद कराच. ती हळू तर आहेच, शिवाय मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला होता.

पण भाषा सुधारली म्हणून बोलणाऱ्याची सवय सुटत नाही. प्रश्न किती विचारायचे हे शेवटी वरचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि त्यातली बरीच सॉफ्टवेअर फाइल शेजारच्या खोलीत आहे असं धरूनच लिहिलेली असतात.

आधी मोजा

तीन गोष्टी मोजायला अर्धा तास पुरतो.

शाखेतल्या संगणकावरून सर्व्हरला पिंग करा, म्हणजे एक छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघा, आणि वेळेचा आकडा लिहून ठेवा. सकाळी, दुपारी चारला आणि सगळे गेल्यावर, असं तीनदा करा. सकाळी ३० आणि दुपारी १८० दिसले तर लाइन तुंबते आहे, आणि तिथे खरंच रुंदीचा किंवा कोणाच्या तरी मोठ्या डाउनलोडचा प्रश्न आहे. दिवसभर ३० च असेल तर लाइनला दोष देऊ नका.

मग ५०० एमबीची एकच फाइल कॉपी करा आणि वेळ घ्या. त्यानंतर एकूण ५०० एमबी भरेल असा पाच हजार लहान फायलींचा फोल्डर कॉपी करा. पहिली कॉपी लाइनच्या वेगाने गेली आणि दुसरी रखडली, तर निदान झालं: हेलपाटे. दोन्ही रखडल्या तर दोष खाली, लाइनमध्ये किंवा व्हीपीएनमध्ये.

इथे एक घोळ नेहमी होतो. लाइनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १२ एमबीच्या आसपास मिळालं तर ते पूर्ण मिळालं. आणि दुसरं, शाखेचं डाउनलोड म्हणजे मुख्य ऑफिसचं अपलोड. आम्ही नागपूरची लाइन वाढवली तेव्हा पुण्याचं अपलोड किती आहे हे कोणी पाहिलंच नव्हतं.

एकच मोठी फाइलही रखडत असेल तर टीसीपीची, म्हणजे डेटा पोचवण्याच्या नेटवर्कच्या नियमांतली, विंडो तपासा. पोचपावती न येता किती माल वाटेत असू शकतो, याची ती मर्यादा. जुन्या पद्धतीत ती ६४ केबी. हेलपाटा ३० मिलिसेकंदांचा असेल तर ६४ केबीची विंडो जास्तीत जास्त १७ एमबीपीएसच्या आसपास वेग देते, मग लाइन १०० ची असो की १,००० ची. विंडो मोठी करायची सोय १९९२ पासून प्रमाणित आहे आणि विंडोज व्हिस्टापासून ती आपोआप चालते. पण एखादा जुना फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) पाकिटावरची या सोयीची खूण काढून टाकतो, किंवा कुणीतरी कधीकाळी ‘इंटरनेट फास्ट करण्यासाठी’ ती बंद केलेली असते. व्हीपीएनचंही असंच. १,५०० बाइटच्या पाकिटाला आणखी एक वेष्टन चढलं की ते मावत नाही, तुटून दोन होतात. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये पाकिटाचा आकार थोडा उतरवला की हे थांबतं.

ड्रॉइंग उघडताना काय दिसलं

आमच्याकडे लाइन ठीक होती, विंडोही ठीक होती. म्हणून एका शनिवारी नागपूरला जाऊन बसलो, एका संगणकावर वायरशार्क लावलं आणि एकच ड्रॉइंग उघडलं. वायरशार्क म्हणजे तारेवरून जाणारं प्रत्येक पाकीट ओळीने दाखवणारा प्रोग्रॅम. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या, आणि पहिल्या मिनिटातच चित्र दिसलं. हा फॉन्ट या फोल्डरमध्ये आहे का? नाही. दुसरा आहे का? नाही. ऑटोकॅड, म्हणजे आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, अक्षरांच्या फॉन्ट फायली आधी ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये शोधतो, आणि आमच्या फॉन्ट फायली तर प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवर होत्या. म्हणजे प्रत्येक फॉन्टसाठी पुण्यापर्यंत जाऊन ‘नाही’ ऐकून यायचं. त्यात एका ड्रॉइंगला जोडलेली बारा-पंधरा दुसरी ड्रॉइंग, आणि प्रत्येकाची हीच कथा.

मग अचानक ओळी थांबल्या. काही सेकंद काहीच नाही. नंतर एका नावाची चौकशी झाली, पुन्हा शांतता, पुन्हा तीच चौकशी. ते नाव आमच्या जुन्या सर्व्हरचं होतं. तो कधीच भंगारात गेलेला. पण जुन्या ड्रॉइंगमध्ये जोडलेल्या फायलींचे पूर्ण पत्ते त्या नावाने लिहिलेले होते. पुण्यात ते कोणाला जाणवलं नाही, कारण पुण्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणाऱ्या यादीत, जुनं नाव नव्या सर्व्हरकडे वळवून ठेवलं होतं. नागपूरचे संगणक मात्र तिथल्या राउटरच्या डीएनएसला विचारत होते आणि सर्व्हरशी नावाऐवजी थेट आयपी पत्त्याने, म्हणजे आकड्यांच्या पत्त्याने, जोडलेले होते. त्यामुळे दर जोडणीला ते मेलेल्या सर्व्हरला हाका मारत बसायचे, आणि दमल्यावरच पुढे जायचे. साडेतीन मिनिटांतला अर्ध्याहून जास्त वेळ या हाकांचा होता.

नागपूरच्या संगणकांना पुण्याचा डीएनएस दिला, ऑफिसची नावं तिथूनच विचारायला लावली. नंतर ड्रॉइंगमधले पत्ते सापेक्ष करून घेतले, म्हणजे ‘अमुक सर्व्हरवर अमुक ठिकाणी’ऐवजी ‘माझ्याच फोल्डरच्या शेजारी’. ऑटोकॅडबरोबर येणाऱ्या रेफरन्स मॅनेजरने हे एकगठ्ठा करता येतं. उघडायचा वेळ मिनिट-सव्वा मिनिटावर आला. एक पैसा खर्च नाही. आधी हे पाहिलं असतं तर त्या मुलांचे कितीतरी तास वाचले असते, याचं मला आजही वाईट वाटतं.

फुकटात कमी होणारे असेच आणखी हेलपाटे आहेत. फोल्डर उघडल्यावर चित्रांच्या छोट्या प्रतिमा दिसतात, त्यासाठी एक्सप्लोरर एकेक फाइल उघडून पाहतो. शाखेत नुसती चिन्हं दाखवायची सेटिंग ठेवावी. फोल्डरचा प्रकार ‘पिक्चर्स’ झाला असेल तर तो ‘जनरल’ करावा. एकाच फोल्डरमध्ये आठ-दहा हजार फायली साठल्या असतील तर वर्षवार, प्रकल्पवार पोटफोल्डर करावेत. अँटिव्हायरस सर्व्हरवरही तपासतो आणि शाखेतला संगणकही तीच फाइल नेटवर्कवरून पुन्हा तपासतो. सर्व्हरवरची तपासणी पक्की असेल तर शाखेतली नेटवर्क-तपासणी काढता येते. सुरक्षेसाठी असलेली एसएमबीची सही मात्र वेगासाठी बंद करू नका. तिने हेलपाटे वाढत नाहीत, आणि ती काढली तर मधल्या मधे कोणीतरी फाइल बदलू शकतो.

खूप लहान फायली एकदम हलवायच्या असतील तर माउसने ओढण्याऐवजी विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपीची आज्ञा वापरा. त्यात एका वेळी अनेक फायली समांतर पाठवायची सोय आहे. किती ते सांगितलं नाही तर एका वेळी आठ. आठ माणसं एकाच वेळी कचेरीत पाठवल्यासारखं. किंवा सरळ झिप करून एकच फाइल पाठवा.

फाइलच जवळ आणायची तर

एवढं करूनही मिनिटभर लागत असेल आणि माणूस दिवसात वीस ड्रॉइंग उघडत असेल, तर पुढचा विचार करावाच लागतो. इथे दोनच वाटा आहेत: फाइल माणसाजवळ आणा, नाहीतर माणसाचं काम फाइलजवळ न्या.

विंडोजमध्ये २००९ पासून ब्रँचकॅश आहे. शाखेत एकाने वाचलेल्या फाइलची प्रत शाखेतच राहते, दुसऱ्याने मागितली की तिथूनच मिळते. यात लोक एका गोष्टीला फसतात. हेलपाटा ८० मिलिसेकंदांपेक्षा मोठा असेल तरच फायली साठवायच्या, असा त्याचा मूळ आकडा आहे. पुणे-नागपूरसारख्या ३० मिलिसेकंदांच्या लाइनवर सुरू केलं तर काहीच घडत नाही, आणि ‘याचा उपयोग नाही’ म्हणून ते बंद केलं जातं. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या सेटिंगमध्ये, तो आकडा उतरवावा लागतो. शाखेतल्या संगणकांवर विंडोजची एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते, आणि फायदा फक्त वाचण्यात होतो. सेव्ह केलेली फाइल पूर्ण प्रवास करूनच जाते.

मग डीएफएस रेप्लिकेशन. दोन्हीकडे सर्व्हर, दोन्हीकडे तोच फोल्डर, मागच्या मागे बदल इकडून तिकडे. फाइलचा बदललेला भागच पाठवला जातो, त्यामुळे लाइनही कमी लागते. ऐकायला हे सगळ्यात छान वाटतं, आणि सगळ्यात जास्त नुकसानही यातच पाहिलंय. कारण यात कुलूप नाही. पुण्यात कोणी फाइल उघडून काम करत असेल तर नागपूरला ते कळत नाही. दोघेही तीच फाइल उघडतात, दोघेही सेव्ह करतात, आणि ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याची राहते. दुसऱ्याची एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि तो फोल्डर भरला की पुसली जाते. स्क्रीनवर कोणताही इशारा येत नाही. एका इंजिनिअरचं दिवसभराचं बीमचं काम असं गेलेलं मी पाहिलंय. सळ्यांची मापं चुकीच्या आवृत्तीतून साइटवर गेली असती तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून आमच्याकडे एक नियम केला: प्रत्येक प्रकल्पाला एकच घर. ज्या ऑफिसची माणसं रोज त्यावर काम करतात त्या ऑफिसच्या सर्व्हरवर तो प्रकल्प राहतो, आणि दुसऱ्या ऑफिसात त्याची फक्त वाचता येणारी प्रत रात्री जाते. विदर्भातले प्रकल्प नागपूरला राहायला गेले. तिथे छोटा सर्व्हर, यूपीएस, कुलपाचं कपाट आणि रोजचा बॅकअप आला. आणि नागपूरचा मे महिना लक्षात घेऊन त्या खोलीला वेगळा एसी. हा खर्च धरूनच निर्णय घ्यावा, कारण शाखेतला सर्व्हर कोणाच्या लक्षात राहत नाही आणि नंतर बॅकअपशिवाय सापडतो.

वनड्राइव्हसारखं क्लाउड सिंक वर्ड-एक्सेलवाल्यांना चांगलं, दोघांना एकाच वेळी एकाच फाइलवर लिहिताही येतं. एकमेकांना जोडलेल्या ड्रॉइंगसाठी मला ते पटत नाही. कुलपाचा तोच प्रश्न येतो आणि एका फाइलच्या दोन होतात. लिनक्सवाल्यांनी रात्रीच्या प्रतीसाठी आरसिंक हा कॉपीचा प्रोग्रॅम वापरावा. बदललेला तुकडाच पाठवायची त्याची पद्धत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणली. एसएमबी लिनक्सवर चालवणारं साम्बा सुरू करणारेही ट्रिजेलच.

जे हलवूच नये

हिशेबाचं सॉफ्टवेअर वेगळं. ज्याचा डेटा फोल्डरमधल्या फायलींत असतो असं पॅकेज शाखेतून व्हीपीएनवर उघडू नका, कितीही चांगली लाइन असो. एक व्हाउचर शोधायला ते डेटा फाइलचे तुकडे एकेक करून तारेवरून ओढतं, आणि लिहिताना मधेच लाइन गेली तर फाइल अर्धवट राहते. मार्चअखेरीस हे झालं तर काय होतं ते अकाउंट्सवाल्यांना विचारा. इथे काम फाइलजवळ न्यायचं: पुण्याच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप, नागपूरच्या अकाउंट्सवाल्या वहिनी त्यावर लॉग-इन करून व्हाउचर टाकतात. डेटा पुण्यातून हलत नाही, तारेवरून फक्त स्क्रीन आणि कळा जातात. एका कळेला एक हेलपाटा, ३० मिलिसेकंद, बोटांना जाणवतही नाही. लंडनहून असतं तर टायपिंग थोडं अडखळलं असतं. लायसन्सचा खर्च येतो, आणि ड्रॉइंगसाठी हेच करायचं तर सर्व्हरला ग्राफिक्स कार्डही लागतं, म्हणून आम्ही ते फक्त हिशेबापुरतं ठेवलं.

नागपूरचं ड्रॉइंग आता नागपुरात सहा-सात सेकंदांत उघडतं. फोन येतो तो महिन्याअखेरीस, साइटचे ड्रोन फोटो पुण्याला चढवताना. ते खरोखर जड असतात, एकेका साइटचे दहा-बारा जीबी. पिंग तेव्हा दोनशेवर जातो आणि मोठी फाइलही रखडते. तिथे रस्ताच अरुंद आहे. शाखेचं अपलोड वाढवायची मागणी या वेळी मी स्वतः टाकली आहे, आणि पुण्याच्या टोकाचा आकडा आधी पाहून टाकली आहे.